वाचकांचे प्रश्न : सैनिक स्कूलची प्रवेश परीक्षा

प्रश्न : मुलगी पाचवीत, मराठी माध्यमात आहे. गणित पक्कं आहे. साताऱ्याच्या सैनिक स्कूलसाठी तेवढं पुरेल का? – एक पालक, वाई

उत्तर : गणिताला निम्मे गुण आहेत, पण नुसत्या गणितावर भागत नाही. सहावीच्या प्रवेशाचा पेपर ३०० गुणांचा. गणिताचे ५० प्रश्न, प्रत्येकी ३ गुण. बुद्धिमत्ता, भाषा आणि सामान्य ज्ञान यांचे २५-२५ प्रश्न, प्रत्येकी २ गुण. प्रत्येक विषयात किमान २५ टक्के आणि एकूण ४० टक्के लागतात (अनुसूचित जाती-जमातींना ही अट नाही). घोटाळा इथेच होतो. सामान्य ज्ञानाची सहाच उत्तरं बरोबर आली तर गुण होतात १२, आणि हवेत साडेबारा. मग गणितात पैकीच्या पैकी असले तरी मुलगी बाहेर! शिष्यवृत्तीच्या तयारीत गणित, भाषा, बुद्धिमत्ता होऊन जाते. सामान्य ज्ञान मात्र राहून जातं.

वेळ १५० मिनिटं. गणिताला ७५, बाकी तिन्हींना मिळून ६० आणि शेवटची १५ तपासायला, असा हिशेब बसवा. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा ठेवू नका. मुलं अवघड प्रश्न सोडतात, पण ओएमआरवरची (गोळे रंगवायच्या उत्तरपत्रिकेवरची) त्याची ओळ सोडायला विसरतात. तिथून पुढची सगळी उत्तरं सरकतात. घरचा सरावही ओएमआर शीटवरच घ्या.

३१ मार्चला वय १० ते १२ हवं. पेपर मराठीतून देता येतो, फॉर्ममध्ये माध्यम नीट निवडा. शाळा मात्र सीबीएसईची, शिकवणं इंग्रजीतून. त्यामुळे अपूर्णांक, लसावि, परिमिती यांचे इंग्रजी शब्द आत्ताच कानावर पडू द्या. लेखी परीक्षेनंतर वैद्यकीय तपासणी असते. डोळे आधीच दाखवून घ्या.

प्रश्न : मुलगा आठवीत, सेमी-इंग्रजीला आहे. नववीसाठी बसवावं का? – एक पालक, विटा

उत्तर : वय १३ ते १५ मध्ये बसत असेल तर बसवा, पण नववीला रिकाम्या जागांपुरताच प्रवेश असतो. पेपर ४०० गुणांचा, त्यात गणित २००, आणि सगळा इंग्रजीतूनच. सेमीच्या मुलांचं गणित-विज्ञान निभून जातं. इतिहास-भूगोल मराठीतून झालेला असतो, म्हणून सामाजिक शास्त्रात उत्तर येत असूनही प्रश्न कळत नाही. एनसीईआरटीची सहावी ते आठवीची त्या विषयाची इंग्रजी पुस्तकं आणा आणि रोज दोन-चार पानं वाचून घ्या.