बेळगावला रेल्वे कोणी आणली? सदर्न मराठा रेल्वे ही मराठा संस्थानिकांची कंपनी होती का? आणि तिच्या आधी-नंतर इथं कोणत्या कंपन्या होत्या?

नव्हती. कंपनी 1882 साली लंडनमध्ये उभी राहिली. भागधारक तिकडचे आणि व्याजाची हमी इथल्या सरकारची, म्हणजे शेवटी इथल्या शेतसाऱ्याची. नाव मुलखावरून पडलं. बेळगाव-धारवाड आणि अधलीमधली सांगली, मिरज, जमखंडी, मुधोळ ही संस्थानं, या सगळ्या पट्ट्याला इंग्रज साहेब ‘सदर्न मराठा’ मुलूखच म्हणायचा. त्यात कोणा सरदाराचा पैसा शोधत बसू नका.

आता ‘कोणी आणली’. या प्रश्नावरून आमच्या घरात दोन माणसं आयुष्यभर धुमसत राहिली.

बाबा रेल्वेत गुड्स क्लार्क. आधी घटप्रभेला, मग मिरजेला. मामा कोल्हापूरचे, गुळाचे अडते. 1971 ला पुणे-मिरज-कोल्हापूर लाइन ब्रॉडगेज म्हणजे रुंद रुळांची झाली आणि मामांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. आमची मिरज-बेळगाव-लोंढा लाइन नव्वदच्या दशकापर्यंत मीटरगेजच, अरुंद रुळांची; एकीची गाडी दुसरीवर चालायची नाही. म्हणजे बेळगावहून मुंबईला निघालेल्या माणसाने अर्ध्या रात्री मिरजेत उतरायचं, झोपलेली पोरं काखेत मारायची आणि पेट्या-वळकट्या घेऊन पलीकडच्या गाडीत जागा धरायला पळायचं. मालाचं तर विचारूच नका. एका वॅगनमधलं पोतं पाठीवर घेऊन हमाल दुसऱ्या वॅगनमध्ये टाकायचे आणि बाबा हातात कागद घेऊन मोजत उभे. पोती फाटायची, ढेपा फुटायच्या, वजन कमी भरायचं. हुबळीकडे जाणारा मामांचा गूळ याच वाटेनं जाई. त्यामुळे प्रत्येक दिवाळीला भाऊबीज बाजूला राहायची आणि ‘दाजी, तुमच्या मिरजेत आमचा गूळ कोण खातंय?’ यावर विषय जायचा.

पण मामा खरे लागट बोलले ते थोरल्या ताईच्या लग्नात, खानापुरात. पंगत बसलेली, व्याही शेजारी. मामा मोठ्यानं म्हणाले, ‘दाजी, शाहू महाराजांनी रेल्वे आणली म्हणून तुम्ही बेळगावकर गाडीत बसलाय. न्हाईतर अजून बैलगाडीतनंच आला असता की मिरजेला!’ सगळे हसले. बाबा मुलीचे बाप, मांडवात तोंड उघडायची सोय नाही. ‘वाढा हो पाव्हण्यांना’ म्हणून पुढं सरकले. त्यांना तारखा पाठ होत्या, हे मला नंतर कळलं. आज दोघंही नाहीत, म्हणून त्या पंगतीतलं उत्तर मी इथं देतोय.

बेळगाव स्टेशनात गाडी आली 1887 साली. मिरज-कोल्हापूर फाटा सुरू झाला 1891 साली. चार वर्षं आम्ही पुढं. त्या फाट्याचं काम 1888 ला सुरू झालं. पहिली कुदळ शाहू महाराजांच्या हस्ते पडली हे खरं, पण तेव्हा ते चौदा वर्षांचेही नव्हते आणि राज्याचे अधिकार हातात यायला 1894 उजाडलं. तोवर खानापूर, देसूर, बेळगाव गाडीला सरावलं होतं.

मग आणली कोणी? दुष्काळानं आणि बंदरानं. 1876 ते 78 च्या दुष्काळात या जिल्ह्यांत माणसं किड्यामुंग्यांसारखी मेली. धान्य दुसरीकडे होतं, पण इथवर पोचवायला बैलाशिवाय काही नव्हतं आणि बैलही मरत होते. तेव्हा सरकारला रुळांची घाई झाली. दुसरीकडून 1878 ला इंग्रज-पोर्तुगीज तह झाला, गोव्यातल्या मार्मागोवा बंदरापासून घाटमाथ्यावरच्या कॅसलरॉकपर्यंत रेल्वे न्यायचं ठरलं. ती कंपनी वेगळी, वेस्ट ऑफ इंडिया पोर्तुगीज रेल्वे. घाटाच्या माथ्यावर तिच्या रुळांना आपले रूळ भिडवायचे आणि देशावरचा कापूस, धान्य बंदरात उतरवायचं, हा हिशोब. त्यात लोंढा जंक्शन झालं. लोंढ्यातून पुण्याकडे जाणारी लाइन बेळगाववरून गेली म्हणून आपल्याला स्टेशन मिळालं. आपल्यावर कोणाचं प्रेम उतू चाललं नव्हतं. लोंढ्याच्या जंगलात हिवतापानं फणफणत ज्यांनी भराव घातले, त्यांचं नाव तर कुठल्याच पाटीवर नाही.

तुम्ही आधीच्या-नंतरच्या कंपन्याही विचारल्यात. बेळगावपुरतं बोलायचं तर सदर्न मराठाच्या आधी इथं कोणी नव्हतं. 1908 ला ती मद्रास रेल्वेत मिसळून मद्रास अँड सदर्न मराठा झाली आणि कारभार मद्रासला गेला. धारवाडचं मुख्य ऑफिस ओस पडलं. त्याच इमारतीत पुढं कर्नाटक कॉलेज आलं. तिथं शिकलेली माझ्या ओळखीची निम्मी माणसं हे जाणत नाहीत. 1944 ला कंपनी सरकारजमा, 1951 ला दक्षिण रेल्वे, 1966 ला दक्षिण मध्य, 2003 पासून हुबळीची नैर्ऋत्य. साहेब बदलले, पण चिकोडी रोड स्टेशन चिकोडीपासून होतं तेवढंच लांब आहे.

कोणी तुम्हाला लग्नात, बारशात ‘अमक्यांनी रेल्वे आणली’ असं ऐकवलं, तर आधी साल विचारा आणि मग पैसा कोणाचा ते विचारा. मुलीकडचे असलात तरी विचारा. बाबांनी विचारायला हवं होतं.

एक मात्र मामांच्या बाजूनं लिहायलाच हवं. कोल्हापूरचा तो 29 मैलांचा फाटा दरबारनं स्वतःच्या पैशानं बांधला. तो खरोखर संस्थानचा होता. आमचा रूळ आमचा कधीच नव्हता. तेवढं मी त्यांना देतो. पण फाटा चालवायला त्यांनी दिला तो सदर्न मराठाकडेच, आणि मिरजेत तो जोडायला रूळ आधीपासून होते म्हणून जोडता आला.