पाण्यावर उतरताय? चाकं वर!
अँफिबियन सीप्लेन (पाण्यावर आणि चाकांवर जमिनीवरही उतरणारं विमान) घ्यायचं ठरलंच असेल, तर आधी विम्याचा हप्ता विचारून या. सगळ्यात महागडी चूक एकच: चाकं खाली ठेवून पाण्यावर उतरणं. चाकं पाण्याला अडतात, नाक खाली जातं आणि क्षणात विमान उलटं. म्हणून दर वेळी मोठ्याने म्हणा, ‘पाण्यावर उतरतोय, चाकं वर’, आणि चाकं वर की खाली ते दाखवणाऱ्या नुसत्या दिव्यावर विसंबू नका, आरशातून चाकं बघा. लाइफ जॅकेट अंगात घाला, पण केबिनमध्ये फुगवू नका. बुडत्या विमानात ते तुम्हाला वर दाबून धरतं, दारापर्यंत खाली बुडी मारता येत नाही.

पाणी आरशासारखं शांत असेल तर उंचीचा अंदाजच येत नाही. किनाऱ्याच्या कडेने, थोडी पॉवर ठेवून, मिनिटाला साधारण 150 फुटांनी पाणी लागेपर्यंत तसंच खाली या.

मुंबई बंदरात उधाणाच्या भरती-ओहोटीत 4 मीटरहून जास्त फरक पडतो. सकाळी तरंगत बांधलेलं विमान दुपारी चिखलात रुतलेलं सापडेल. शिवाय जाळी, प्लास्टिक आणि नारळ! (नारळी पौर्णिमेनंतर तर विचारूच नका.)

उड्डाणाआधी फ्लोटच्या (विमानाला पाण्यावर तरंगवणाऱ्या, खालच्या पोकळ होडीसारख्या भागाच्या) प्रत्येक कप्प्यातलं पाणी हातपंपाने काढा, किती निघालं ते लिहून ठेवा. एकाच कप्प्यात वाढत असेल तर रिव्हेट किंवा सील तपासा. खाऱ्या पाण्यातून आल्यावर त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुवा. केबल आणि बिजागऱ्या आधी.