घरात सगळं स्टीलचंच

पत्र : वय 41. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी आहे. राग चटकन येतो. हातातली वस्तू फेकतो आणि पाच मिनिटांत शांत होतो. कुणावर हात कधी उचललेला नाही. हल्ली घरात सगळं स्टीलचंच असल्यानं नुकसानही होत नाही. वडीलही असेच होते. दहा आकडे मोजून बघितले, उपयोग नाही. बायको म्हणते डॉक्टरला दाखवा. मी काय वेडा आहे का?

उत्तर :

नाही, वेडे नाही आहात. तो प्रश्न इथंच मिटला.

मला त्या स्टीलबद्दल बोलायचंय. रोज वह्या लिहिणारा माणूस तुम्ही, आणि ही रक्कम जमेला धरलीत? ती तुमच्या नावे पडली आहे, दादा.

पाहुण्यांसाठी म्हणून चार कपबश्या आपल्याकडं कुठल्याही घरात असतात. त्या एका दिवसात जात नाहीत. पहिल्यांदा फुटल्या तेव्हा तिनं तसाच सेट शोधून आणला असेल. दुसऱ्यांदा स्वस्तातला. मग कधीतरी भांड्यांच्या दुकानात उभं राहून तिनं ठरवलं असेल की हा माणूस काही बदलत नाही, आपण पेले बदलू. वस्तू हातात घेताना ती आधी ‘हे फेकलं तर?’ असा विचार करते. तुम्ही पाच मिनिटांत शांत होता. तिचं तसं होत नाही, म्हणून तर घर स्टीलचं झालं.

2019 चा पूर तुम्ही पाहिलाय. आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी 40 फुटाला गेलं की इशारा, 45 ला धोका. सामान माळ्यावर टाकायला 45 ची वाट कोण बघतं? तुमच्या घरातलं सामान केव्हाच हललंय. आणि तुम्ही मला सांगता, ‘हात उचललेला नाही’. तो 45 वा फूट झाला.

राग येणं वाईट नाही. काट्यात मारणाऱ्यावर तो यायलाच हवा. पण कारण पेलाभर आणि राग घागरभर, वर्षभरात पुन्हा पुन्हा वस्तू फुटतात आणि आपण ठरवूनही थांबत नाही, तेव्हा डॉक्टर त्याला ‘स्वभाव’ म्हणून सोडून देत नाहीत. मागं काय आहे ते शोधतात. पुरुषांचं नैराश्य कित्येकदा रडण्यातून न दिसता चिडचिडीतून दिसतं. अपुरी झोप, दारू, वाढलेलं थायरॉईड, यांनीही माणूस असा भडकतो. यातलं तुमचं काय, ते मी पत्रावरून सांगणार नाही आणि तुम्हीही घरबसल्या ठरवू नका. वडिलांचं म्हणाल, तर ते असे होते तेव्हा तुम्ही लहान होता. त्या वेळी घरात कुठल्या कोपऱ्यात जाऊन बसायचात, ते आठवून बघा.

या आठवड्यात अर्ध्या दिवसाची रजा टाका. सिव्हिलला जा, केसपेपर काढताना ‘मानसोपचार’ म्हणून स्पष्ट सांगा, आवाज खाली न घेता. तिथं ओळखीचं कुणी दिसलं तरी माघारी फिरू नका. पाय उचलतच नसेल तर आज रात्री 14416 लावा. ही सरकारची टेलिमानस सेवा, मोफत, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. पण तो फोन जाण्याच्या आधीचा आहे, जाण्याऐवजीचा नाही. डॉक्टरांना पेल्यांची गोष्ट सांगा, मला लिहिलीत तशी उडती नको, सगळी.

बायकोला फक्त कुठं निघालात ते सांगून जा. येताना वाटेत कपबश्यांचा सेट घ्यावासा वाटेल, तो घेऊ नका. तो तिनं आणायचा, तिला वाटेल तेव्हा.