‘निकामी’ नव्हे, ‘अपुरे’

टू-डी इकोच्या, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीच्या, अहवालात ‘इजेक्शन फ्रॅक्शन (एका ठोक्यात हृदयातून बाहेर पडणाऱ्या रक्ताचा अंश) ६० टक्के’ असे लिहिलेले असूनही डॉक्टर ‘हार्ट फेल्युअर’ म्हणतात, तर त्याला मराठीत ‘हृदय निकामी होणे’ म्हणावे काय, असे एका वाचकांनी विचारले आहे. म्हणू नये. ‘हृदयक्रिया बंद पडणे’ तर मुळीच म्हणू नये. ती निधनवार्तेची भाषा झाली, आणि हा रुग्ण योग्य उपचारांनी वर्षानुवर्षे हिंडताफिरता राहू शकतो.

त्यातला ६० हा आकडा परीक्षेतल्या गुणांसारखा वाचून ‘४० टक्के हृदय गेले’ असे सर्रास म्हटले जाते, हेही थांबले पाहिजे. डाव्या निलयात, म्हणजे हृदयाच्या खालच्या कप्प्यात, १२० मिलिलिटर रक्त भरले आणि एका ठोक्यात त्यातले ७२ मिलिलिटर बाहेर पडले, तर हा अंश ६० टक्के येतो आणि तो निरोगी मानला जातो, कारण निलय कधीच पूर्ण रिकामे होत नाही. अंश ४० किंवा त्याखाली असेल तर आकुंचन दुबळे आहे. परंतु तो ५० किंवा त्याहून अधिक असूनही धाप लागणारे, पाय सुजणारे रुग्ण पुष्कळ असतात, आणि अशा हृदयाला ‘निकामी’ म्हणणे उघडच चुकीचे आहे.

माझ्या मते योग्य शब्द ‘अपुरे’ हाच आहे. ‘पुरणे’, ‘पुरा’, ‘पुरेसा’ हे सारे संस्कृत ‘पॄ’ म्हणजे भरणे या धातूच्या कुळातले असल्यामुळे ‘अपुरे’ म्हणजे मुळात ‘न भरलेले’. शरीराच्या गरजेला पुरे न पडणे हा अर्थ त्यातूनच पुढे आला. ज्या हृदयाचे आकुंचन शाबूत असते पण निलय ताठर झाल्यामुळे सहज भरत नाही, त्याचे वर्णन याहून नेमके कसे करणार? नदीचा ‘पूर’सुद्धा त्याच धातूचा: निलय सहज भरेना की मागे अलिंदात, म्हणजे वरच्या कप्प्यात, दाब चढतो, तो फुप्फुसांपर्यंत पोहोचतो आणि तिथे पाणी साठू लागते. इको तपासणीत हा भरण्यातला अडथळाच मोजतात. डावे अलिंद आणि निलय यांमधल्या मिट्रल झडपेतून आत येणाऱ्या रक्ताचा सुरुवातीचा वेग, म्हणजे ‘ई’, याला झडपेच्या कड्याच्या हालचालीच्या वेगाने, म्हणजे ‘ई-प्राइम’ने, भागतात, सरासरी भागाकार १४ च्या वर गेला, डाव्या अलिंदाचे आकारमान शरीराच्या दर चौरस मीटरला ३४ मिलिलिटरपेक्षा अधिक भरले, उजव्या बाजूच्या ट्रायकस्पिड झडपेतून मागे फिरणारी धार सेकंदाला २.८ मीटरहून वेगवान निघाली, तर दाब वाढल्याचा संशय बळावतो. यांतील एकट्या आकड्यावर निदान होत नाही; लक्षणे आणि रक्ततपासणी यांच्याशी त्यांचा मेळ बसावा लागतो.

‘हृदयपात’ सुचवणाऱ्यांशी माझा स्पष्ट मतभेद आहे. ‘पात’ म्हणजे पडणे, आणि येथे काहीही पडत नाही. केवळ ‘फेल’ या शब्दाला संस्कृतचा पेहराव चढवला आहे. ‘निकामी’ रूढ झाला आहे, हा युक्तिवादही मला मान्य नाही, कारण रुग्णाला धसका भरवणारा चुकीचा शब्द रूढ असणे हे तो बदलण्याचेच कारण आहे. फ्रेंच आणि जर्मन वैद्यक या आजाराला ‘हृदयाचा अपुरेपणा’ याच अर्थाच्या नावांनी ओळखते. मराठीजवळ तर त्यासाठी भरण्याची आणि पुराची आठवण जपणारा स्वतःचा शब्द आहे.