स्पेनच्या दहा रात्रींत पाच शहरं नकोत, आणि कॉर्दोबाला मुक्काम कराच

तुमचा बेत वाचला. ऑक्टोबरचा दुसरा पंधरवडा, दहा रात्री, सोबत सत्तरीतले आईबाबा. बार्सिलोना, व्हॅलेन्सिया, माद्रिद, सेविया, ग्रनाडा, आणि कॉर्दोबा 'वाटेत चार तास'. महिना उत्तम निवडलात. जुलै-ऑगस्टमध्ये सेविया-कॉर्दोबाचा पारा चाळिशी ओलांडतो, दुपारी बाहेर पडवत नाही. यादी मात्र बदला, असं अगदी कळकळीनं सांगते.

बार्सिलोना आणि व्हॅलेन्सिया या खेपेला सोडा. साग्रादा फामिलिया हे चर्च बघायलाच हवं, पण ते रचणाऱ्या वास्तुकार गाउदीचं काम नीट बघायचं तर त्या एका शहराला चार दिवस लागतात. दर दोन दिवसांनी बॅगा बांधत फिरलात तर आईबाबांच्या लक्षात फक्त स्टेशनं राहतील. त्यापेक्षा माद्रिद तीन रात्री (त्यातला एक दिवस टोलेडो), कॉर्दोबा एक, सेविया तीन, ग्रनाडा दोन आणि परतीच्या विमानाआधी माद्रिदला एक. सगळा प्रवास रेल्वेनं होतो. माद्रिदहून कॉर्दोबा पावणेदोन तास, तिथून सेविया पाऊण तास.

आता कॉर्दोबाबद्दल. पहिल्या खेपेला आम्हीही दोन गाड्यांच्या मधल्या वेळात धावत जाऊन मेस्कीता, म्हणजे तिथली जुनी मशीद, पाहिली होती. लाल-पांढऱ्या कमानींचे फोटो काढले आणि निघालो. काही वर्षांनी आईला घेऊन गेले तेव्हा मुद्दाम तिथे राहिलो आणि सकाळी दार उघडताच आत गेलो. सोमवार ते शनिवार सकाळी साडेआठ ते साडेनऊ तिकीट लागत नाही (वेळा बदलतात, आदल्या दिवशी खात्री करून घ्या) आणि पर्यटकांचे मोठे गट अजून आलेले नसतात. आई एका खांबाला हात लावून म्हणाली, "यातले दोन खांब सारखे नाहीत गं." खरंच नाहीत. 785 च्या सुमाराला तिथला मुस्लिम अमीर पहिला अब्द अर-रहमान यानं मशिदीचं काम काढलं तेव्हा जुन्या रोमन आणि व्हिसिगॉथ (अरबांआधीचे राज्यकर्ते) इमारतींचे खांब आणून उभे केले. ते उंचीला कमी पडले. छत वर न्यायचं म्हणून एका कमानीवर दुसरी कमान चढवली. ज्या दुहेरी कमानींसाठी जग तिथे जातं, त्या अशा अडचणीतून निघाल्या आहेत. पुढे दोन शतकं मशीद वाढत गेली. आज तिथे साडेआठशेवर खांब आहेत.

1236 मध्ये ख्रिस्ती राजा तिसऱ्या फर्नांदोनं शहर जिंकलं आणि मशिदीचं चर्च झालं. सोळाव्या शतकात तर ऐन मध्यावर आख्खं कॅथीड्रल उभारलं. कमानींच्या मंद उजेडातून चालत असता आणि एका पावलात छत एकदम उंच जातं, पांढरा लख्ख प्रकाश येतो. पहिल्यांदा ते मला खुपलं होतं. आता वाटतं, त्या सांध्यावर अर्धा तास उभं राहायला मिळावं एवढ्यासाठीही स्पेनला जावं. संध्याकाळी ज्यू वस्तीतल्या गल्ल्यांतून फिरा, 1315 चं छोटं सिनेगॉग आहे ते बघा, मग रोमन पुलावर जा. खालच्या नदीचं नाव ग्वादालकिविर, म्हणजे अरबीतली 'मोठी नदी'.

हा सांधा एकदा डोळ्यांत बसला की बाकीची शहरंही उलगडतात. सेवियाचा अल्काझार बघताना हे ध्यानात ठेवा की त्यातला सर्वांत देखणा महाल 1364 मध्ये पेद्रो या ख्रिस्ती राजानं बांधवून घेतला, आणि भिंतींवर अरबी अक्षरं आहेत. तिथला हिराल्दा मनोरा मुळात मशिदीचा मिनार. आत जवळजवळ माथ्यापर्यंत पायऱ्यांऐवजी उतार आहेत, त्यामुळे तुमचे आईबाबा थांबत थांबत चढू शकतील. रस्तोरस्ती संत्र्याची झाडं दिसतील. ती फळं कडू असतात, तोडून खाऊ नका. पण 'नारान्खा' हा शब्द ऐका: आपला नारिंग फारसी-अरबीतून तिथे पोचला आहे.

टोलेडोतही अशीच एक ओळख भेटते. अरबी ग्रंथ लॅटिनमध्ये नेणाऱ्या भाषांतरकारांचं हे शहर. इथेच जन्मलेल्या दहाव्या आल्फोन्सो राजाच्या आश्रयानं 1251 मध्ये 'कलीला आणि दिम्ना' हा अरबी कथासंग्रह कास्तीयनमध्ये, म्हणजे स्पॅनिशमध्ये, आला असं मानतात. ते दोन कोल्हे म्हणजे आपल्या पंचतंत्रातले करटक आणि दमनक! बाबांना हे आधी सांगून ठेवा. आणि सान्तो तोमे चर्चमधलं एल ग्रेकोचं मोठं चित्र चुकवू नका. गावात चढ फार आहे, चांगले बूट हवेत.

माद्रिदला प्रादो संग्रहालयात सगळं बघायचा हट्ट धरू नका, वेलाझ्केझ आणि गोया या चित्रकारांची चित्रं पुरेत. पिकासोचं 'गेर्निका' हे चित्र ज्या रेइना सोफिया संग्रहालयात आहे ते मंगळवारी बंद असतं.

ग्रनाडातल्या अल्हाम्ब्राची (मुस्लिम सुलतानांचा टेकडीवरचा किल्ला आणि महाल) तिकिटं मात्र विमानाच्या तिकिटांपाठोपाठ काढा. तिकिटावर प्रत्येकाचं नाव असतं, मूळ पासपोर्ट जवळ लागतो, आणि आतल्या नास्रिद (त्या सुलतानांचं घराणं) महालांत शिरायची वेळ छापलेली असते. ती पाळावीच लागते. हेनेरालिफेच्या बागांपासून महालांचं दार चांगलं पंधरा-वीस मिनिटांच्या चालीवर आहे हे मी लक्षात घेतलं नाही आणि पहिल्या खेपेला आमचे महाल हुकले. त्याची हळहळ अजून आहे. म्हणून आधी महाल, मग बाग. सिंहांच्या चौकात बारा सिंहांनी तोललेल्या कारंज्याच्या कडेवर इब्न झमरकची कविता कोरलेली आहे. दारो नदीचं पाणी कालव्यानं एवढ्या उंच टेकडीवर आणलंय, ते सगळीकडे वाहताना ऐकू येतं. आईबाबांना तिथे निवांत बसू द्या.

जेवणाचं: नुसतं 'वेखेतारियानो' (शाकाहारी) म्हटलं तर सॅलडमध्ये ट्यूना येऊ शकतो. "सिन कार्ने, सिन पेस्कादो, सिन हामोन, सिन आतुन" (मांस, मासे, हॅम, ट्यूना नको) असं कागदावर लिहून दाखवा. सेवियात पालक-छोल्यांची 'एस्पिनाकास कोन गार्बान्सोस', कॉर्दोबात काकवी घातलेली तळलेली वांगी, सकाळी टोमॅटो चोळलेला पाव. 'तोर्तिया' म्हणजे बटाट्याचं ऑम्लेट, अंडं चालत असेल तरच. रात्रीचं जेवण साडेआठ-नऊच्या आधी बहुतेक ठिकाणी मिळत नाही, म्हणून आईबाबांचं मुख्य जेवण दुपारी दोनला उरका आणि रात्री खोलीवर दही-फळं ठेवा.

अल्हाम्ब्राची तारीख मिळाली की इथे कळवा. त्यावरून सेवियाची एखादी रात्र पुढे-मागे करावी लागेल, ते मी जुळवून देईन.