नव्या कार्यकर्त्यास: आधी पावती, मग तक्रार

कर्नाटकातल्या खानापूर, निपाणी भागात लोकांची अडलेली सरकारी कामे मार्गी लावण्याचे हे काम तुम्ही नव्याने हाती घेत आहात, तर सभा भरवण्याआधी ज्याचे काम अडले आहे, त्याच्या ओसरीवर बसून त्याचे कागद वाचा. एका आजींनी पिशवीतून उत्पन्नाच्या दाखल्याची घडी पडलेली पोचपावती माझ्यासमोर काढली. त्यावरचा, अर्जाचा माग काढण्याचा पंधरा आकडी क्रमांक त्यांना कुणी समजावलाच नव्हता. सरकारी सेवा ठरलेल्या मुदतीत देण्याच्या कर्नाटकाच्या 2011 च्या ‘सकाल’ कायद्याखाली मुदत टळल्यास दिवसाला 20 रुपये, कमाल 500 रुपये भरपाई मागता येते, हे ऐकल्यावर दुसऱ्या दिवशी त्या स्वतःच खिडकीपाशी उभ्या राहिल्या.

माहिती अधिकाराचा अर्ज इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाच्या राजभाषेतच स्वीकारण्याची तरतूद असल्याने, मराठीबद्दल आपले मन कितीही हळवे असले तरी, अर्ज कन्नडमध्येच लिहून घ्या. कर्नाटकाच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय, तोही 150 शब्दांत मांडावा लागतो. तीस दिवसांत उत्तर न आल्यास पहिले अपील करा.

कुणी लाच मागितली, तर पैसे देण्यापूर्वीच भ्रष्टाचाराच्या तक्रारी पाहणाऱ्या लोकायुक्त पोलिसांकडे जावे, हे लोकांना पुन्हा पुन्हा सांगा. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यातल्या 2018 च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. मात्र सक्तीने द्यावी लागली आणि सात दिवसांत कळवले, तर त्याला संरक्षण आहे. तक्रारदाराला एकटे पाठवू नका. पहिल्या खेपेस तुम्ही स्वतः सोबत जा.