विरळणीनं आखडलेली मान: चोळू नका, दाबून धरा

तासगावकडच्या द्राक्षबागेत दिवसभर विरळणी (घडातले जादा मणी काढणं) करून मान-खांदा आखडतो, रोज रात्री तेल लावून जोरात चोळलं तरी सकाळी तसंच, तर कुठलं तेल वापरावं, असं विचारलंय. तेल कुठलंही चालेल. चूक चोळण्यात आहे.

मांडवाखाली हात वर आणि मान मागे राहते. मानेपासून खांद्याच्या पात्याच्या आतल्या, वरच्या कोपऱ्याला जाणारा स्नायू (लेव्हेटर स्कॅप्युली) सैल सुटतच नाही. दुखरी गाठ बहुतेकदा तिथंच लागते. भराभर चोळून कातडी तापते, गाठ तशीच राहते. चोळल्यानं लॅक्टिक ॲसिड निघून जातं म्हणतात, तेही खरं नाही. काम थांबल्यावर ते तासाभरात आपोआप कमी होतं.

आधी 15 मिनिटं गरम पाण्याची पिशवी, टॉवेलात गुंडाळून. मग दुखणाऱ्याला खुर्चीवर उलटं बसवा, कपाळ आणि हात खुर्चीच्या पाठीवर ठेवलेल्या उशीवर टेकवा. हात लोंबकळत राहिले तर खांदा ताणलेलाच राहतो. चमचाभर तिळाच्या तेलानं तळहात कानामागून खांद्याच्या टोकापर्यंत पाच-सहा वेळा संथ फिरवा आणि तेल पुसून टाका, कारण बोट घसरलं की दाब नेमका बसत नाही. गाठीवर अंगठा, त्यावर दुसरा अंगठा. कोपरं सरळ ठेवून अंगाचा भार हळूहळू टाका; नुसत्या बोटांच्या जोरानं तुमचेच अंगठे दुखतील. दुखणं दहापैकी पाच-सहाच्या वर नको. समोरच्यानं श्वास रोखला किंवा खांदा उचलला, की दाब जास्त झाला. 30 ते 60 सेकंद धरा, सावकाश सोडा. एका गाठीवर दोन-तीनदा पुरे.

एकटे असाल तर मोज्यात टेनिसचा चेंडू घालून भिंत आणि पाठीच्या मध्ये धरा, मणक्यावर मात्र नको. शेवटी नाक दुखऱ्या बाजूच्या विरुद्ध काखेकडे वळवून मान खाली, 30 सेकंद, तीनदा.

तालमीतल्यासारखं कोपर मानेवर लावू नका. पैलवानाच्या मांडीला ते सोसतं. मानेच्या पुढच्या नि बाजूच्या भागात रक्तवाहिन्या असतात. मान कडकन मोडणंही नको. हाताला मुंग्या, बधिरपणा, पकड सैल होणं, ताप किंवा पडल्यानंतरचं दुखणं असेल तर मालिश न करता डॉक्टर गाठा. छातीत दाब आणि घाम असेल तर लगेच.

आणि घड उंच असतील तर भक्कम घोड्यावर (उंच स्टुलावर) उभं राहा, अर्ध्या तासानं दोन मिनिटं हात खाली सोडा. नाहीतर रोज रात्री हेच करत बसाल.